एकवीस दिवसांचं काम

छपरावर माणसाला दोन अक्षरांपेक्षा मोठं नाव परवडत नाही, असं मुकादमाचं म्हणणं होतं. बत्तीस फुटांवर एखादा गडी मागे सरकतोय, मागे पत्रा अजून बसलेला नाही आणि तुम्ही खालून ‘अहो अमुकराव, जरा थांबा’ म्हणत बसलात, तर शेवटचं अक्षर पोचेपर्यंत राव खाली आलेले असतात. म्हणून टोळीत नवा माणूस आला की पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी त्याला छपरावरचं नाव मिळायचं. ते मुकादम द्यायचा. फार विचार करायचा नाही. माणसाकडे एकदा बघायचा, जे आधी डोळ्यात भरेल ते बोलायचा. घाऱ्या डोळ्यांचा होता तो बोका झाला. गोबऱ्या गालांचा होता तो फुग्या. ही नावं अशी चिकटायची की पुढे खरं नाव फक्त हजेरीपटावर उरायचं.

टाक्या आला तेव्हा छत्तीस वर्षांचा मुकादम नुकताच मुकादम झाला होता. नव्या गड्याच्या वरच्या ओठावर नाकपुडीपासून खाली एक पांढरी रेघ होती. जन्मतः फाटलेला ओठ लहानपणी शिवलेला. मुकादम म्हणाला, “ह्याला कोणीतरी टाका घातलाय, पोत्याच्या तोंडाला घालतात तसा. टाक्या.” सगळे हसले. टाक्याही हसला. हसताना त्याने तोंडावर हात धरला. मुकादमाच्या लक्षात ते हसू राहिलं. हात राहिला नाही. तो आठवायला बावीस वर्षं जावी लागली.

त्या बावीस वर्षांत टाक्यासारखा पत्रा बसवणारा टोळीत दुसरा झाला नाही. एका पत्र्यावर दुसऱ्याची दीड पन्हळ, म्हणजे पत्र्याची दीड लाट, चढवायची असते. घाईत माणसं एकच चढवतात आणि पुढे पाणी आत येतं. टाक्याने कधी एक चढवली नाही. त्याच्या स्क्रूंची ओळ शिडीवरून एका डोळ्याने पाहिली तर दोरी ताणल्यासारखी दिसायची. मुकादम हे मनात म्हणायचा. तोंडाने म्हणायची त्याला सवय नव्हती.

टाक्याला मुलगा झाला. त्याचाही ओठ तसाच. बातमी आली तेव्हा मुकादम छपरावरून ओरडला होता, “आला रे, छोटा टाक्या आला.” पुढे पोराच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. टाक्या सुट्ट्या घ्यायला लागला. “पोराला आई नाही का?” असं मुकादम दर वेळी विचारायचा. टाक्या म्हणायचा, “आहे. पण तिचा हात कापतो.” आणि सुट्टी घ्यायचा.

अकरा वर्षांपूर्वी मालकाकडे काम वाढलं. दुसरी टोळी करायची ठरली. मालक म्हणाला, “तिचा मुकादम टाक्याला करू या. तुमचं काय मत?”

मुकादम म्हणाला, “कामाला त्याच्या तोडीचा कोणी नाही. पण मुकादम गिऱ्हाईकासमोर उभा राहतो. ह्याला बघून गिऱ्हाईक पत्र्याचं विसरून तोंडाचाच विचार करत बसेल. बोलणंही जरा नाकातून येतं त्याचं.”

मालकाला पटलं. बाहेरचा एक माणूस आणला. तो दोन वर्षं टिकला आणि टोळी मोडली. हे बोलणं दोघांतच राहिलं. आपला सगळ्यात चांगला गडी हातचा जाईल, आणि दोन छपरं शेजारी शेजारी झाली तर लोक तुलना करतील, ही भीती त्या बोलण्याच्या पोटात होती. ती मुकादमाने स्वतःलाही सांगितली नाही.

मग नाकाचं झालं.

डाव्या नाकपुडीच्या कडेला मसुरीएवढा चकचकीत फोड आला. पत्र्याची कड लागली असेल, असं मुकादमाला वाटलं. फोडाची जखम झाली. खपली धरायची, पडायची, पुन्हा धरायची. पत्र्यावर गंज धरला तर आधी चकाकी येईपर्यंत घासायचं आणि मगच वर काही लावायचं, हे त्याला चौतीस वर्षं माहीत होतं. त्याने नाकालाही तेच केलं. दर रविवारी अंघोळीनंतर बारीक पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन खपली घासून काढायची आणि मलम लावायचं. उन्हात झोंबायला लागलं की पत्र्याच्या सांध्यावर मारायच्या चंदेरी पट्टीचा तुकडा वर चिकटवायचा. बायको म्हणायची, दवाखान्यात चला. तो म्हणायचा, एवढ्याशा खरचटण्याला डॉक्टर कशाला. अशी दोन वर्षं गेली. मग एक दिवस नाकपुडीच्या कडेला खाच दिसायला लागली, उंदराने कुरतडावी तशी. तेव्हा गेला.

डॉक्टरीणबाई वयाने त्याच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी विचारलं, “कधीपासून आहे?”

“झाले असतील तीन महिने.”

मागच्या खुर्चीवरून बायको म्हणाली, “दोन वर्षं झाली.”

बाईंनी दोन वर्षं लिहिलं. “काय काय लावलंत?”

मुकादम टेबलाच्या पायाकडे बघत बसला. बायकोने पॉलिश पेपरचं सांगितलं. चंदेरी पट्टीचंही सांगितलं. बाईंचा पेन थांबला. त्यांनी त्याच्या हातांकडे पाहिलं, मग पुन्हा लिहायला लागल्या. त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

तुकडा काढून तपासायला गेला. कातडीचा कर्करोग निघाला. उन्हाने होतो, बाई म्हणाल्या. हा अंगभर सहसा पसरत नाही, पण जिथे आहे तिथलं खात जातो. कापून काढला की बहुतेक वेळा सुटका होते. लवकर आला असतात तर नखाएवढं कापलं असतं. आता जास्त जाईल.

जास्तच गेलं. एकदा कापलं, कडा तपासल्या, एका बाजूला अजून होता म्हणून पुन्हा कापलं. सगळ्या कडा स्वच्छ आल्या तेव्हा डाव्या नाकपुडीची पाळी आणि शेंड्याचा थोडा भाग उरला नव्हता. तीन दिवसांनी नाक परत बांधायचं ठरलं. सामान त्याच्याच अंगातून यायचं होतं. नाकपुडीची कड बसू नये म्हणून कानातल्या कुरकुऱ्या हाडाची चकती आणि वरून कपाळाची कातडी.

“कपाळाचीच का?” त्याने विचारलं होतं.

“रंग जुळतो, जाडी जुळते,” बाई म्हणाल्या. “आणि तुमचं कपाळ पार मागेपर्यंत गेलंय. केस नाहीत. नाहीतर काही जणांच्या नव्या नाकावर केस उगवतात.”

टकलाचा उपयोग झाल्याची ही पहिलीच वेळ, असं बायको म्हणाली. त्या दिवसांत ती एकदाच हसली.

शस्त्रक्रियेच्या वेळी गुंगीचं औषध दिलं होतं तरी त्याला कळत होतं. बाईंनी टाक्यांच्या धाग्याच्या पाकिटाची चंदेरी पन्नी घेतली. उजव्या, चांगल्या नाकपुडीवर बसवून, दाबून, तिचा आकार घेतला आणि कात्रीने कातरला. मग तो तुकडा पालथा करून डाव्या बाजूला लावून पाहिला.

“उलटा केलात?” मुकादम म्हणाला.

“उजव्यावरून माप घेतलं, डाव्याला लावायचंय.”

“दुमडायला कड सोडलीत का?”

“सोडली. आता गप्प राहा. ओठ हलला की माझं माप हलतं.”

तो गप्प राहिला. आपल्यासारखं काम करणाऱ्या माणसाच्या हातात आपण आहोत असं त्याला वाटलं. त्या सगळ्या दिवसांत ही एवढीच घटका चांगली गेली.

कपाळावरून कातरलेली कातडी बाईंनी पूर्ण तोडली नाही. डाव्या भुवईच्या आतल्या टोकाशी तिची एक पट्टी जोडलेली ठेवली, कारण रक्त तिथून येतं. पट्टीला पीळ देऊन टोक खाली नाकावर आणलं आणि शिवलं. “तीन आठवडे ही अशीच राहील,” त्या म्हणाल्या. “नाकाकडचा भाग आजूबाजूचं रक्त ओढायला लागला की एकविसाव्या दिवशी पट्टी कापून टाकू. तोपर्यंत तिच्यावर दाब नको, ऊन नको. मागची बाजू उघडी आहे, ती रोज साफ व्हायला हवी. घाण धरली तर केलेलं सगळं वाया जाईल.”

म्हणजे मुकादम घरी आला तेव्हा त्याच्या भुवईपासून नाकापर्यंत, डोळ्याला खेटून, बोटाएवढ्या जाडीची मांसाची नळी होती. कपाळावर मधोमध उभी शिवण. नाक सुजून बटाट्याएवढं. चष्मा बसत नव्हता.

त्याने पडदे ओढून घेतले. खुर्ची भिंतीकडे वळवून बसला. शेजारीण भेटायला आली तेव्हा न्हाणीघरात जाऊन ती जाईपर्यंत उभा राहिला. जेवतानाही तो बायकोकडे पाठ करायचा. चौतीस वर्षं छपरावर उभं राहून त्याने गावाला तोंड दाखवलं होतं. आता स्वतःच्या स्वयंपाकघरात दाखवायची चोरी झाली.

पट्टी साफ करायला बायको बसली. तिने जखमेवरची औषधी जाळी सोडवली, मागची ओली लाल बाजू पाहिली आणि तशीच खाली जमिनीवर बसली. दुसऱ्यांदा प्रयत्न केला तेव्हा ताटली हातातून पडली. “मला जमत नाही हो,” ती म्हणाली. “मी सगळं करीन, हे नाही होत.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला दार वाजलं. टाक्या होता. हातात डबा, डब्यात उकळलेला चिमटा.

“ह्याला कोणी बोलावलं?” मुकादमाने भिंतीकडे बघत विचारलं.

“मी बोलावलं,” बायको म्हणाली. “भाऊजींनी मुलाचं सगळं स्वतःच्या हाताने केलंय, चार शस्त्रक्रियांचं. तुमच्या ओळखीत दुसरं कोणी असेल तर सांगा.”

मुकादमाच्या ओळखीत दुसरं कोणी नव्हतं.

टाक्याने कोपरापर्यंत हात धुतले. नखं बघितली, पुन्हा धुतले. खुर्ची उजेडाकडे वळवली. “मान अशी ठेवा, मुकादम. दुखलं तर हात वर करा, मान हलवू नका.” मग त्याने जाळी भिजवली, सुटेपर्यंत थांबला, ओढली नाही. कापसाचा एक बोळा एकदाच फिरवायचा, टाकायचा, नवा घ्यायचा. आधी नाकाची शिवण, मग पट्टीची मागची बाजू, मग भुवईकडचं टोक, शेवटी कपाळ. मलम. नवी जाळी. वीस मिनिटं लागली. सगळा वेळ तो त्याच्या तोंडाकडे सरळ बघत होता. आठवडाभरात मुकादमाकडे बघणाऱ्या प्रत्येकाची नजर त्या नळीवर थांबायची नाहीतर तिला वळसा घालून जायची. ह्याची कामावर होती.

“रंग चांगला आहे,” टाक्या म्हणाला. “गुलाबी. काळा पडायला लागला तर घाबरायचं.”

तो रोज यायचा. सहाला म्हणजे सहाला. हळूहळू टोळीतलं बोलणं निघायला लागलं.

“बोका विचारत होता, मुकादमांना सोंड आली म्हणे.”

“तू काय म्हणालास?”

“म्हटलं आली आहे. येऊन पाच मिनिटं ताटली धर, मग हसायला येतं का बघू.”

मुकादमाने विचारलं, “मला नाव काय दिलंय पोरांनी?”

“काही नाही.”

“खरं सांग. मी नाही रागवणार.”

“खरंच नाही दिलं. तुमच्याबद्दल बोलायला लागले की आवाज खाली करतात.”

एखादं नाव दिलं असतं तर सोसलं असतं, असं मुकादमाला वाटलं. त्याने इतक्या वर्षांत कोणाबद्दल आवाज खाली केला नव्हता. बाळाचा ओठ फाटलेला आहे असं कळलं त्या दिवशीही नाही. टाक्या त्या दिवशी बत्तीस फुटांवर, पट्टा बांधून, स्क्रू पिळत होता. ‘छोटा टाक्या आला’ हे ऐकून त्याने वर पाहिलं होतं का, हे मुकादम आठवायला लागला. आठवेना. त्याने त्या वेळी बघितलंच नव्हतं.

बाराव्या दिवशी मालक आला. टाक्या आत स्वयंपाकघरात चिमटा उकळत होता. मालक खुर्चीवर बसला आणि मुकादमाच्या खांद्यामागच्या कॅलेंडरशी बोलायला लागला.

“आराम करा. घाई करू नका. गोदामाच्या छपराचं काम सुरू आहे, ते बोक्याकडे दिलंय.”

“बोक्याकडे?”

“आता दुसऱ्या कोणाकडे देणार? टाक्याचं डोक्यात आलं होतं, पण तुम्हीच मागे सांगितलं होतंत ना, गिऱ्हाईकासमोर उभं करण्यासारखं तोंड नाही म्हणून. मी ते विसरलो नाही. तुमचं म्हणणं बरोबर होतं.”

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज येत होता, तो थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

मुकादमाला त्याच क्षणी बोलता आलं असतं. तोंड उघडायला फार कष्ट नव्हते. मालकाला सांगायचं, माझं चुकलं होतं, एवढंच. तो म्हणाला, “चहा घेणार?”

मालक गेला. टाक्या बाहेर आला, हात धुतलेले, ताटली तयार. “मान अशी ठेवा,” म्हणाला. वीस मिनिटांत एक शब्द बोलला नाही. पण तो इतर दिवशीही काही वेळा बोलत नसे. मुकादमाला कळेना, ऐकलं की नाही. तेराव्या दिवशी तो आला. चौदाव्या, पंधराव्या दिवशी आला. सहाला म्हणजे सहाला. बोळा एकदाच फिरवत होता आणि टाकत होता. हात जड झाला नव्हता, हलकाही झाला नव्हता. मुकादम डोळे मिटून घ्यायला लागला. त्या हाताखाली डोळे उघडे ठेवणं त्याला अवघड झालं.

सोळाव्या दिवशी, नवी जाळी बसवून होताच, त्याने सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी मालकाने विचारलं होतं, आपण काय म्हणालो, का म्हणालो. तोंडाचं कारण दिलं, पण खरं कारण तेही नव्हतं, हेही सांगितलं. बोलताना पट्टी ओढली जात होती. तो थांबला नाही.

टाक्याने चिमटा डब्यात ठेवला. “ऐकलं मी त्या दिवशी. त्याआधी माहीत नव्हतं.”

“ऐकलंस? मग चार दिवस आलास कशाला?”

“एकवीस दिवसांचं काम घेतलंय. बाराव्या दिवशी सोडलं असतं तर पट्टी सडली असती.” त्याने डब्याचं झाकण लावलं. “एकवीस झाले की येणार नाही.”

बायको दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. टाक्या तिला म्हणाला, “वहिनी, उद्या कापूस संपेल,” आणि चपला घालून गेला.

तिने त्याच्यामागे दार लावलं. मग म्हणाली, “त्यांना सांगितलंत, मीही ऐकलं. मालकाला कोण सांगणार?”

“सांगीन. पट्टी कापली की जाईन.”

“म्हणजे तोंड नीट झाल्यावर.”



सतराव्या दिवशी सकाळी त्याने रुंद काठाची टोपी घातली आणि घराबाहेर पडला. रुमाल बांधता येत नव्हता, पट्टीवर दाब चालत नव्हता. बसमध्ये चढला. समोरच्या माणसाने बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं, मग पुन्हा बघितलं. एक बाई उठली आणि त्याला जागा दिली. आयुष्यात त्याने कोणाची जागा घेतली नव्हती. तो बसला. घाम पट्टीवर येऊ नये म्हणून मान वर करून बसला, त्यामुळे तोंड सगळ्यांना अजूनच नीट दिसलं. नऊ थांबे होते. त्याने मोजले.

गोदामाशी मालक उभा होता आणि शेजारी गिऱ्हाईक, ज्याचं गोदाम तो. मुकादमाला बघून मालकाचा चेहरा उतरला. तो दोन पावलं पुढे आला. “तुम्ही कशाला आलात? इथे?”

“बोलायचंय.”

“आपण नंतर बोलू. ऑफिसात.”

“दोन वाक्यं आहेत.” मुकादम तिथेच बोलला. अकरा वर्षांपूर्वी टाक्याबद्दल जे सांगितलं ते खोट्या मनाने सांगितलं होतं. तो तेव्हा मुकादम व्हायला लायक होता, माझ्यापेक्षाही लायक होता. म्हणूनच तसं सांगितलं.

मालक गिऱ्हाईकाकडे बघून कसनुसं हसला. गिऱ्हाईक मुकादमाकडे बघत होता. आता हा माझ्या नाकाचं विचारणार, मुकादमाला वाटलं. गिऱ्हाईक म्हणाला, “हे कोण?”

“आमचे जुने मुकादम. जरा बरं नाही त्यांना.”

“मुकादम आहात तर मला एक सांगा,” गिऱ्हाईक म्हणाला. “छपराच्या त्या दोन बाजू वेगळ्या का दिसतात?”

मुकादमाने टोपी सावरून वर पाहिलं. चष्मा नव्हता तरी दिसत होतं. उजवीकडे बोक्याची बाजू. स्क्रू नागमोडी, आणि दुसऱ्या ओळीत पत्रा एकच पन्हळ चढवलेला. डावीकडची ओळ दोरीसारखी. “उजवीकडचं उतरवून पुन्हा करावं लागेल,” तो म्हणाला. “पाणी येईल आत.”

“आणि डावीकडचं कोणाचं?”

मुकादमाने हाक मारली. टाक्याचं खरं नाव, आईबापांनी ठेवलेलं, चार अक्षरी. त्याला ते पाठ होतं. हजेरीपटावर बावीस वर्षं त्यानेच लिहिलं होतं. वर कोणी वळलं नाही. त्याने पुन्हा मारली. फुग्याने खाली पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि बोक्याला विचारलं, “कोणाला बोलावतायत?” बोक्याने खांदे उडवले. तिसरी हाक मुकादमाने जीव तोडून मारली, टाका ताणला गेला, नाकात कळ आली. टाक्या पाठमोरा होता. स्क्रू पिळत राहिला. ते नाव त्याचं आहे हे त्या छपरावर कोणालाच माहीत नव्हतं, आणि इतक्या वर्षांनी ते छपरावर ऐकू येईल हे त्यालाही माहीत नव्हतं.

शेवटी मालकच ओरडला, “टाक्या.” तो लगेच वळला.

तो शिडी उतरून आला. गिऱ्हाईकाने त्याला पन्हळींचं विचारलं. टाक्याने सांगितलं, हाताने दाखवलं, किती दिवस लागतील तेही सांगितलं. गिऱ्हाईक ऐकत होता आणि छपराकडे बघत होता. टाक्याच्या ओठाकडे त्याचं एकदा लक्ष गेलं असेल, गेलं नसेल. मालक म्हणाला, “ठीक आहे. आजपासून हे काम तू बघ.” आवाजात फार उत्साह नव्हता, पण चारचौघांसमोर म्हणाला.

मुकादमाकडे टाक्याने बघितलं नाही. तो पुन्हा वर गेला.

संध्याकाळी सहाला तो आला. जाळी भिजवली, सोडवली. एका टाक्याशी रक्त आलं होतं. तो बराच वेळ तिथे बघत राहिला. “ओरडायला कोणी सांगितलं होतं?”

“तुझ्यासाठी—”

“माझ्यासाठी यायचं होतं तर अकरा वर्षं होती. आज तुमचं तुम्हाला जड झालं होतं, ते उतरवायला आलात.” तो रागाने बोलत नव्हता. पत्रा कुठे चुकलाय हे सांगावं तसं बोलत होता. “माझं काम झालं त्यात, ते खरं. पण हिशेब माझ्या नावाने लिहू नका.”

मुकादमाने त्याला खऱ्या नावाने हाक मारली, हळू, माफी मागायला.

“ते नको,” टाक्या म्हणाला. “त्या नावाने मला आई हाक मारायची. तुमच्या तोंडी टाक्याच बरं. सवय आहे. मान हलवू नका.”

त्यापुढे तीन दिवस तो आला. तिन्ही दिवस पूर्ण वीस मिनिटं.

एकविसाव्या दिवशी बाईंनी पट्टी कापली. नाकाकडचा भाग गुलाबी राहिला. भुवईकडचा उरलेला तुकडा जागेवर बसवला. “उत्तम राखलंत,” त्या म्हणाल्या. “घरी कोणी केलं?”

“आमच्यातला एक गडी आहे,” मुकादम म्हणाला. “आता तो मुकादम आहे.”

“त्यांना सांगा, असं नर्सलाही जमत नाही.”

सांगतो म्हणाला. पण कसं सांगायचं ते त्याला सुचलं नाही.

बाविसाव्या दिवशी शिवण साफ करायची होती. पावणेसहाला बायकोने ताटली मांडली आणि दोघं बसून राहिले. साडेसहा झाले. दोघांपैकी कोणी दाराचं नाव काढलं नाही. मग मुकादम उठला, कोपरापर्यंत हात धुतले, खुर्ची न्हाणीघरातल्या आरशासमोर नेली. नाक जाड होतं, एका बाजूला किंचित ओढलेलं, पण नाक होतं. त्याने बोळा भिजवला. एकदा फिरवला, टाकायच्या ऐवजी चुकून पुन्हा तोच फिरवला. थांबला. तो टाकला, हात पुन्हा धुतले, नवा बोळा घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.